एक गुरुवार मागितला होतास

यशवंत,

टाकीची गोष्ट मी इतकी वर्षं कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि जिथं सांगायला हवी होती तिथं, म्हणजे तुझ्यासमोर, तर नाहीच नाही. विषय जरा त्या बाजूला वळला की मी चष्मा काढून पुसायला घ्यायचो. "पंत, पुण्यातला सगळ्यात स्वच्छ चष्मा तुमचा," असं तू एकदा म्हणालास. मी हसलो आणि पुन्हा पुसायला घेतला.

मागच्या रविवारी तुझ्या आदरांजलीच्या सभेत मी तेच केलं. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी चार शब्द बोलले, मग मला पुढे बोलावलं. मी जे सांगितलं ते सगळं खरं होतं. आपण एकाच वर्षी कॉलेजात लागलो, एकाच खोलीत समोरासमोर टेबलं टाकून निवृत्तीपर्यंत बसलो, कंपनं मोजायची प्रयोगशाळा तू शून्यातून उभी केलीस. लोकांनी माना हलवल्या. माझ्यानंतर आपले जुने विभागप्रमुख उठले. वय झालंय, पण आवाज तसाच खणखणीत. म्हणाले, "यशवंत मोठा माणूस होता. फक्त आपल्या माणसांच्या बाबतीत जरा हळवा. येरवड्याच्या त्या टाकीच्या वेळी बहिणीच्या घरापायी त्याचं मन द्रवलं, आकड्यांची थोडी ओढाताण झाली. पण त्यातही माणूसपणच दिसतं."

त्यांनी हे कौतुक म्हणून सांगितलं. सभागृहानंही कौतुक म्हणूनच ऐकलं. तुझा फोटो समोर होता, पांढऱ्या फुलांच्या मधे, आणि मी पहिल्या रांगेत बसून चष्मा पुसत होतो.

मेघानं मला जिन्यात गाठलं. तुझी लेक तुझ्यासारखीच, प्रस्तावना न करता विचारते. "काका, बाबांनी खरंच आकडे फिरवले होते?"

"कोण म्हणतं?"

"आत्ता सगळ्यांसमोर म्हणाले ना. आणि तुम्ही गप्प होतात."

"मी लिहून देतो," मी म्हणालो.

"लिहून? हो की नाही, एवढंच विचारतेय मी."

एका शब्दात उत्तर देता आलं असतं. ते तोंडातून निघालं नाही. म्हणून हे लिहितोय. विद्यार्थी तुझ्यावर स्मरणिका काढणार आहेत, त्यांना हाच लेख देणार आहे. मेघा तो आधी वाचेल. पण बोलणार तुझ्याशीच आहे, कारण दुसऱ्या कुणाशी हे बोलायची मला सवय नाही. तुझ्याशीही नव्हती म्हणा.

ज्यांना आपलं काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तू वैतागशील, "पंत, प्रस्तावना आवरा," म्हणशील, पण थांब. कुठलंही बांधकाम संपूर्ण स्थिर नसतं. पूल, इमारत, पाण्याची उंच टाकी, सगळं वाऱ्यानं आणि रस्त्यावरच्या ट्रकनं हलत असतं. डोळ्याला दिसत नाही, पण सेन्सर चिकटवला की मोजता येतं. प्रत्येकाचा आपला एक डोलण्याचा वेग असतो. जे ताठ ते भरभर डोलतं, जे जड ते सावकाश. हे मोजणं तुझं काम. माझं काम त्याच बांधकामाचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं. मॉडेल आणि मोजमाप पहिल्या फटक्यात कधीच जुळत नाहीत. मग मॉडेलमधल्या गृहीत धरलेल्या गोष्टी थोड्या थोड्या बदलत जायच्या. काँक्रीट किती ताठ आहे, पाया किती घट्ट आहे, वजन किती आहे. मॉडेल खऱ्या टाकीसारखं डोलायला लागलं की त्यातून खऱ्या टाकीची तब्येत कळते. वैद्याला नाडीवरून कळते तशी.

यात एक खड्डा आहे, आणि तो आपण दरवर्षी पोरांना शिकवायचो. जुळवायला एकच वाट नसते. टाकी अपेक्षेपेक्षा सावकाश डोलत असेल, तर एक तर तिचे खांब अशक्त झालेत, नाही तर ती आपण समजतो त्यापेक्षा जड आहे. दोन्हींपैकी काहीही बदललं तरी आकडा जुळतो. वर्गात तू म्हणायचास, "सदरा अंगाला बसला नाही तर सदरा उसवायचा. आमचे पंत माणसाला वाकवतात." पोरं माझ्याकडे बघून हसायची. मीही हसायचो. तेव्हा आपल्यात ते चालायचं.

मग टाकीखाली.

त्या वस्तीला दुसरं नावच नव्हतं. कुठं राहता, तर टाकीखाली. तुझी आक्का तिथं राहायची. दोन खोल्या, पुढे शिलाईचं मशीन, दारावर निळी चौकट, आणि मागे उभे ते टाकीचे जाडजूड खांब. तिच्या धुण्याची दोरी एका खांबाला बांधलेली असायची. मला पहिल्यांदा तिथं नेलंस ते जेवायला. आमच्या घरी कांदा-लसूणसुद्धा वार बघून. आक्कानं भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे ठेवली. तू म्हणालास, "आक्का, याला पिठलं कर, हे पेठेतलं पात्र आहे." आक्का म्हणाली, "पात्र असू दे. तोंड हाय ना? खाऊ दे." मी खाल्लं. नाकातोंडातून पाणी आलं आणि वर आणखी मागितलं. त्यानंतर किती गुरुवारी आपण तिथं जेवलो! गुरुवारी पाणी बंद असायचं, कॉलेजच्या कँटीनचा स्वयंपाकही अर्धा असायचा, आणि आक्काच्या घरात बुधवारीच भरून ठेवलेल्या कळश्यांची रांग. घरी जाण्याआधी मी बडीशेप खायचो. "वहिनींना वास आला तर आमचं नाव सांग," तू म्हणायचास. तिला वास यायचा. ती कधी बोलली नाही.

आक्काच्या हातचं मी खाल्लं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे लागणार आहे.

टाकी जुनी झाली होती. गिलावा सुटलेला, खांबांवर गंजाचे ओघळ. ज्या खात्याची ती होती त्यांनी आपल्या कॉलेजला विचारलं की ती सुरक्षित आहे का ते सांगा. या पद्धतीनं इतकं मोठं बांधकाम तपासायची आपली पहिलीच वेळ. मी हरखून गेलो होतो. तू शांत होतास. तू एवढंच म्हणालास, "गुरुवारी मोजू. पंप बंद असतात, टाकीला कुणाचा धक्का लागणार नाही." बरोबरच होतं. पंप चालू असले की त्यांची घरघर मोजमापात शिरते.

त्या गुरुवारी मी आलो नाही. कुठलीशी मीटिंग होती. तू चढलास, सेन्सर लावलेस, दिवसभर मोजलंस. वरच्या झाकणाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर. पाण्याची पातळी दाखवणारी बाहेरची पट्टी कधीची अडकून बसलेली. म्हणजे टाकीत पाणी आहे की नाही हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नाही.

मला पाहायची गरजच वाटली नाही. पुण्यात जन्म गेला माझा. गुरुवार म्हणजे नळ कोरडा, नळ कोरडा म्हणजे टाकी रिकामी. हे मी विचार करून ठरवलं नाही, ते माझ्या हाडात होतं. मी मॉडेलमध्ये टाकी रिकामी धरली. तुझ्या मोजमापातली टाकी त्यापेक्षा पुष्कळच सावकाश डोलत होती. मी काँक्रीटचा ताठपणा कमी करत गेलो, करत गेलो, आणि आकडा जुळला. जुळला तेव्हा मी टेबलावर थाप मारली होती, आठवतं? तू तुझ्या जागेवरून वर पाहिलंस.

"किती कमी केलास?"

"जवळजवळ निम्मा."

"निम्म्या ताकदीची टाकी उभी राहील का रे? आणि पाणी धरलंयस किती?"

"गुरुवारी कसलं पाणी?"

तू खुर्ची सरकवून माझ्याकडे आलास. तुझ्या आलेखात अगदी डाव्या टोकाला एक लहानसा उंचवटा होता. तीन-चार सेकंदांत एकदा, इतकी संथ हालचाल. तू त्यावर बोट ठेवलंस. "हे काय आहे?"

"ड्रिफ्ट," मी म्हणालो. इतक्या संथ हालचालीला आपले सेन्सर बिचकायचे, त्यांचं मोजमाप आपसूक घसरत जायचं. तो कचरा समजून काढून टाकायचा, ही आपली रीतच होती.

"ड्रिफ्ट असं एका जागी उभं राहत नाही. पसरतं. हे पाणी हिंदकळतंय, पंत. टाकीत पाणी आहे. आहे म्हणूनच ती जड आहे, आणि जड आहे म्हणून सावकाश डोलतेय. खांबांना काही झालेलं नाही."

"दाखव पाणी."

"दाखवतो. एक गुरुवार दे मला. किल्ली मिळवतो, झाकण उघडतो, पुन्हा मोजतो. एकच गुरुवार."

अहवाल सोमवारी द्यायचा होता. मागितली असती तर मुदत वाढवून मिळाली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मला माझं मॉडेल जुळलेलं हवं होतं, आणि ते जुळलं होतं. खांब दिसायलाही म्हातारे होते. आकडा जे सांगत होता तेच डोळ्यांना दिसत होतं. मी नाही म्हणालो.

पुढचं सगळं विभागप्रमुखांच्या खोलीतल्या बैठकीत झालं. तिथं आणखी चारपाच जण होते आणि खात्याचे इंजिनिअर. तू तुझा आलेख मांडलास, पुन्हा एक गुरुवार मागितलास. मी म्हणालो, "गुरुवारी टाकीत पाणी असतं हे तू कुठल्या पुणेकराला पटवणार आहेस?" सगळे हसले. तिथं थांबलो असतो तर मी नुसता चुकीचा इंजिनिअर ठरलो असतो. चुकीचे इंजिनिअर पुष्कळ असतात. पण तू हटत नव्हतास. तू फळ्यापाशी गेलास, खडू उचललास, आणि मला दिसलं की आणखी पाच मिनिटं बोललास तर तू त्यांना पटवशील. तेव्हा मी, अगदी मऊ आवाजात, समजूत काढल्यासारखा म्हणालो, "यशवंतच्या बहिणीचं घर टाकीखाली आहे. त्याला वाईट वाटणं साहजिक आहे. आपण समजून घेऊ."

तू खडू खाली ठेवलास. माझ्याकडे पाहिलंस तेव्हा रागावलेला दिसला नाहीस. एखाद्या नळाला तोंड लावावं आणि आतून काहीच येऊ नये, तसं काहीतरी तुझ्या चेहऱ्यावर होतं.

"ठीक आहे," तू म्हणालास. "आपल्या अहवालावर आपणच सही करा."

त्या वाक्यातल्या 'आपण'नं सुरुवात झाली. त्याआधी तू मला पंत म्हणायचास आणि वर अरे-तुरे करायचास. नंतर पंत राहिले आणि अरे गेलं. निवृत्तीपर्यंत अहो, तुम्ही, आपण. बाहेरच्यांना वाटायचं, काय पुणेरी अदब आहे या दोघांत!

अहवाल गेला. टाकी धोकादायक ठरली. टाकीखालच्या घरांना नोटिसा लागल्या, लोकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला इमारतीत जागा मिळाल्या. ट्रक येऊ लागले, एकेक घर उठू लागलं.

आता जे लिहितो ते तुला कुणी सांगितलेलं नाही, कारण ते माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही.

अर्धी वस्ती उठली होती. आक्का अजून तिथंच होती. एका सकाळी त्या खात्याच्या इंजिनिअरचा मला फोन आला. टाकी पाडायची तर आधी रिकामी करावी लागेल, तुमची काही हरकत नाही ना, असं विचारायला. मी सहज म्हणालो, "मग गुरुवारी पाडकाम सुरू करा, आयतीच रिकामी मिळेल." ते म्हणाले, "छे हो, गुरुवारी उलट भरलेली असते. बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करून निम्मी टाकी राखून ठेवतो आम्ही, शुक्रवारी पहाटे वरच्या भागाला सोडायला. नाहीतर शुक्रवारी लोक आम्हाला फाडून खातील."

मी फोन ठेवला. तू समोरच्या टेबलावर पेपर तपासत होतास. मी मॉडेल उघडलं. काँक्रीटचा ताठपणा पुन्हा होता तिथं नेला, चांगल्या, धडधाकट काँक्रीटचा. टाकीत निम्मं पाणी घातलं. दुसरं काहीच बदललं नाही, आणि चालवलं.

जुळलं. तू मोजलेला आकडा जसाच्या तसा आला. आणि डाव्या टोकाला, तीन-चार सेकंदांत एकदा, तो उंचवटाही आपोआप आला. मी त्याला बोलावलंसुद्धा नव्हतं. पाणी होतं म्हणून तो आला.

यशवंत, आयुष्यात इतकं सुंदर जुळलेलं मॉडेल मी पाहिलं नाही. पाच पावलांवर तू बसला होतास. "यशवंता, इकडे ये, बघ," एवढंच म्हणायचं होतं. मी काय केलं असतं ते पुढचं पुढे. पत्र लिहिलं असतं, नोटिसा थांबवायला धावलो असतो, माझं हसं झालं असतं. माझं हसं झालं असतं, हेच मला दिसत राहिलं. तू मान वर केलीस. "काय झालं?" विचारलंस. मी म्हणालो, "काही नाही, पाणी बंद आहे का आज?" तू म्हणालास, "मंगळवार आहे, पंत." मी फाइल बंद केली. जपून न ठेवता बंद केली.

आक्काचं घर त्यानंतर उठलं. मी मनाशी म्हणत राहिलो, टाकी जुनी होतीच, आज ना उद्या पाडावी लागलीच असती. हे मी इतक्यांदा म्हटलं की ते मला एखाद्या गणितासारखं पाठ झालं.

पाडकामाच्या दिवशी तू आला होतास आणि मीही. ठेकेदारानं आठवडाभराचं काम धरलं होतं. टाकी फुटेना. ब्रेकरची पाती बदलली, मोठं यंत्र आणलं, माणसं घामानं निथळली. खांबातून ठिणग्या उडत होत्या. आक्काच्या दोरीचा तुकडा अजून एका खांबाला बांधलेला होता. तू माझ्याशेजारी येऊन उभा राहिलास, दोन्ही हात मागे बांधून. बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालास, "पंत, फारच अशक्त निघाली हो टाकी."

मी चष्मा पुसला.

तू परत त्या टाकीचं नाव काढलं नाहीस. माझा सूड म्हणून तू एकच गोष्ट केलीस, आणि ती आठवली की आज हसू येतं आणि रडूही. त्यानंतरच्या प्रत्येक मोजणीच्या कागदावर तू खाली एक ओळ लिहायचास. टाकी असेल तर, "पाणी: अर्धे. झाकण उघडून पाहिले." चिमणी असेल तर, "पाणी: नाही. आत वाकून पाहिले." नदीवरच्या पादचारी पुलाच्या कागदावर, "पाणी: खाली, नदीत. पाहिले." पोरांना तो तुझा विक्षिप्तपणा वाटायचा. मी ती ओळ वाचायचो आणि तो कागद मॉडेलमध्ये घ्यायचो. तुझी मोजमापं मी पुन्हा कधी नाकारली नाहीत. आपण त्यानंतर कितीतरी चांगलं काम केलं. ज्यांना ते काम ठाऊक आहे ते म्हणतात, या दोघांचा एकमेकांवर काय विश्वास होता! माझा तुझ्यावर होता. तुझा माझ्यावर नव्हता, तरी तू तुझे आकडे मला देत राहिलास. याला काय म्हणायचं मला अजून कळलेलं नाही. उपकार म्हणावं तर तू चिडशील.

आक्काला सातव्या मजल्यावर घर मिळालं. लिफ्ट बंद असायची. मशीन वर नेलं, पण शिवायला कोण येणार सात मजले चढून? ती गेली तेव्हा तू मला निरोप पाठवलास. मी आलो नाही. सर्दी झालीय असं कळवलं. तिच्या हातचं मी खाल्लं होतं आणि तिला शेवटचं पाहायला गेलो नाही. तू नंतर भेटलास तेव्हा विचारलंस, "सर्दी बरी आहे का आता?" मी म्हणालो बरी आहे. तू म्हणालास, "जपा."

निवृत्तीनंतर मला वाटलं, आता तरी सुटेल. सुटलं नाही. घरी बसल्यावर मला दिवसभर तुझ्या टेबलाचा आवाज ऐकू यायचा. त्या खणाची करकर, पेन्सिलला टोक काढताना तुझं ते नाकातून गुणगुणणं. मुलगा हिंजवडीला कामाला, सून पण तिकडेच, रात्री उशिरा येतात. दिवसभर मी आणि भिंती. तुला फोन करावासा वाटायचा, नुसतं विचारायला की नवीन सेन्सर पाहिलेस का, आता म्हणे तार लागत नाही. नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. ज्याच्याशी भांडायची सवय लागलेली असते त्याच्याशिवाय माणूस किती मुका होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडावर "चूक" म्हणणारं आता कुणी उरलं नाही, यशवंत. सगळे म्हणतात, "हो काका." मला तुझं "कशावरून?" हवं आहे. तो एक शब्द. खुर्ची मागे रेटून, भुवई वर करून विचारलेलं "कशावरून?"

तू आजारी आहेस हे मला उशिरा कळलं. कळलं त्याच आठवड्यात आलो. ठरवून आलो होतो. रिक्षात सगळी वाक्यं मनात मांडली होती. दार सुनंदावहिनींनी उघडलं. बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत बादल्या भरून ठेवलेल्या. तू पलंगावर, अर्धा झालेला. मला पाहून डोळे मात्र तसेच झाले.

"पंत! आज वार कोणता?"

"गुरुवार."

"मग चहाचं अवघड आहे बघा. टाकी रिकामी असणार."

वहिनी म्हणाल्या, "अहो, काय बोलताय? केलाय मी चहा." तू हसत होतास. हसता हसता खोकला लागला. मी तुझी पाठ चोळली. तुझी पाठ इतकी हलकी लागली हाताला. यापेक्षा मोठं दार तू मला उघडून देऊ शकला नसतास. तू ते उघडून, हात धरून, मला उंबऱ्यापर्यंत आणलं होतंस. मी तोंड उघडलं. वहिनी कप घेऊन आल्या. मी म्हणालो, "साखर कमी आहे ना?"

निघताना तू माझा हात सोडला नाहीस. "काहीतरी बोलायला आला होतास," म्हणालास. इतक्या वर्षांनी मला 'तू' म्हणालास.

"पुढच्या वेळी," मी कसाबसा म्हणालो.

"पुढच्या गुरुवारी ये," तू म्हणालास. "मी आहे. एक गुरुवार तर देशील ना?"

मी हो म्हणालो. या वेळी मी हो म्हणालो, यशवंत. मंगळवारी सकाळी मेघाचा फोन आला.

तो गुरुवार आला तेव्हा मी तरीही निघालो होतो. चपला घालून जिन्यापर्यंत गेलो. मग परत येऊन बसलो. नळ कोरडा होता. वर गच्चीत आमची टाकी आहे, मी चढून झाकण उघडून पाहिलं. निम्मी भरलेली होती. बराच वेळ तिथं उभा राहिलो. वारा होता, पाणी या कडेपासून त्या कडेपर्यंत हळूहळू हिंदकळत होतं.

मेघा, तुझ्या बाबांनी एकही आकडा फिरवला नाही. आकडा मी फिरवला, आणि तो फिरवलेला आकडा टिकावा म्हणून तुझ्या आत्याचं नाव घेतलं. सभेत जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. ते पहिल्यांदा बोलणारा मी आहे. स्मरणिकेत हे माझ्या नावानिशी छापावं.

आणि यशवंता, तुला रिक्षात ठरवलेलं काहीच सांगणार नाही. ती वाक्यं लांबलचक होती, तू मधेच तोडली असतीस. एवढंच म्हणायचं होतं. टाकीत पाणी होतं. तू बरोबर होतास आणि मला ते माहीत होतं, आक्का घरात असतानाच माहीत होतं. मला माफ कर. आक्कालाही सांग, मला माफ कर म्हणावं.